टे-सॅक्सचा उंदीर आजारी का पडला नाही

पेशीतील लायसोसोम, म्हणजे शालेय पुस्तकांतली लयकारिका, ही आम्लधर्मी द्रवाने भरलेली सूक्ष्म पिशवी असते. तिच्यातली पन्नासहून अधिक विकरे पेशीला नकोसे झालेले मोठे रेणू टप्प्याटप्प्याने तोडतात आणि सुटे झालेले भाग पुन्हा वापरात आणतात. बेल्जियमचे ख्रिश्चन द डूव्ह यांनी १९५५ मध्ये या पिशव्यांना नाव दिले. १९७४ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. १९६३ मध्ये बेल्जियममधल्याच एच. जी. हेर्स यांनी पॉम्पे रोगाच्या बालकांत ग्लायकोजेन तोडणारे लायसोसोममधले एक विकर मुळीच नसते हे दाखवले. यातून एका संपूर्ण रोगगटाचे सूत्र हाती आले. साखळीतले एक विकर जन्मतः नसेल, तर त्याने जो रेणू तोडायचा तो तसाच राहतो आणि साठत जातो. असे सुमारे सत्तर साठवण-रोग आज माहीत आहेत. यांतला प्रत्येक रोग विरळ आहे, पण ऑस्ट्रेलियात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सगळे मिळून ७,७०० जन्मांमागे एक असे प्रमाण आढळले. यांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक रोगांत मेंदू सापडतो. चेतापेशी एकदा घडली की सहसा विभागत नाही, त्यामुळे तिच्यातला साठा वाटला जात नाही. शिवाय गँग्लिओसाइड नावाचे शर्करायुक्त मेद मेंदूत जितके तयार होतात तितके शरीरात दुसरीकडे कुठेच होत नाहीत.

या गटातला सर्वांत जुना परिचित रोग टे-सॅक्स. लंडनचे नेत्रवैद्य वॉरन टे यांनी १८८१ मध्ये एका बालकाच्या दृष्टिपटलावर फिकट वलयाच्या मधोमध चेरीसारखा लाल ठिपका पाहिला. न्यूयॉर्कचे बर्नार्ड सॅक्स यांनी १८८७ पासून याच बालकांच्या मेंदूचे वर्णन केले. मूल जन्मतः सुदृढ दिसते. तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास ते आवाजाने दचकू लागते, मग मान धरणे, वळणे, बसणे यांतले जे जमू लागलेले असते ते एकेक करून जाते. दृष्टी जाते, झटके येतात, गिळता येईनासे होते आणि चार-पाच वर्षांच्या आत मृत्यू येतो. साठणारा पदार्थ जीएम२ हा गँग्लिओसाइड आहे, हे स्वीडनचे लार्स स्वेनरहोम यांनी १९६२ मध्ये निश्चित केले. १९६८-६९ मध्ये जर्मनीत कोनराड सँडहॉफ यांनी आणि अमेरिकेत शिंतारो ओकाडा व जॉन ओब्रायन यांनी हेक्सोसॅमिनिडेज या विकराचा अभाव दाखवला.

पुढे जे घडले ते कळण्यासाठी या विकराची रचना लक्षात ठेवावी लागते. त्याचे दोन प्रकार आहेत. ‘ए’ प्रकारात एक अल्फा आणि एक बीटा घटक असतो. ‘बी’ प्रकारात दोन्ही घटक बीटा. अल्फा घटकाचे जनुक माणसाच्या १५ व्या गुणसूत्रावर, बीटाचे ५ व्या गुणसूत्रावर. जीएम२ तोडण्याची क्षमता फक्त ‘ए’ प्रकारात असते, तीही एका सहायक प्रथिनाने मेदाचा रेणू समोर धरला तरच. अल्फाचे जनुक बिघडले तर टे-सॅक्स होतो. बीटाचे बिघडले तर ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही जातात आणि सँडहॉफ रोग होतो. सहायक प्रथिनच नसेल तर तिसरा, फारच विरळ रोग होतो. सँडहॉफच्या बालकात यकृत-प्लीहा आणि हाडांतही थोडा दोष दिसू शकतो, पण मेंदूचा रोग दोन्हींत जवळजवळ सारखाच. खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरला रक्ततपासणीवाचून हे दोन्ही रोग वेगळे ओळखणे कठीण जाते.

१९८५ मध्ये अल्फा घटकाचे जनुक हाती आले आणि तीन वर्षांत अश्केनाझी ज्यू समाजातले मुख्य उत्परिवर्तनही सापडले. त्याआधीच, १९७१ पासून, मायकेल कबॅक यांनी बाल्टिमोर परिसरात रक्ततपासणीने वाहक शोधण्याची मोहीम सुरू केली होती. त्या समाजात तिसांमागे सुमारे एक जण वाहक असतो. मोहीम पसरल्यावर त्या समाजातले टे-सॅक्स बालकांचे जन्म नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. प्रतिबंध साधला, उपचार मात्र जागीच राहिला. विकर का नाही हे कळले होते. साठ्यामुळे चेतापेशी नेमकी कशी मरते हे कळले नव्हते. शवविच्छेदनात रोगाचा शेवट दिसतो, सुरुवात दिसत नाही. काचेच्या बशीत वाढवलेल्या त्वचापेशींनी बरेच शिकवले. एलिझाबेथ न्यूफेल्ड यांच्या प्रयोगशाळेने १९६८ मध्ये हर्लर आणि हंटर या दोन साठवण-रोगांच्या त्वचापेशी एकत्र वाढवल्या, तेव्हा त्यांनी एकमेकींचा दोष दुरुस्त केला. एका पेशीने बाहेर सोडलेले विकर दुसरी पेशी उचलते, हे त्यातून कळले, आणि विकर बाहेरून देण्याच्या सर्व उपचारांचा पाया तिथे घातला गेला. पण त्वचापेशीला दचकता येत नाही, आणि तिच्यात मेंदूचे जाळेही नसते.

काही रोगांचे उंदीर निसर्गानेच दिले. अमेरिकेतल्या मेन राज्यातील जॅक्सन प्रयोगशाळेत १९७६ मध्ये थरथरणारी, सुमारे चाळीस दिवसांत मरणारी पिल्ले आढळली. त्यांना याच गटातला क्राबे रोग होता. नीमन-पिक ‘सी’ या आणखी एका साठवण-रोगाचा उंदीरही असाच, कुणी न घडवता, प्रयोगशाळेच्या पैदाशीत निपजला. मात्र प्रत्येक रोगासाठी असा योग यावा म्हणून थांबून राहणे शक्य नव्हते.

हे थांबणे संपवणारे तंत्र १९८० च्या दशकात तयार झाले. मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी १९८१ मध्ये उंदराच्या कोवळ्या भ्रूणातील मूलपेशी बाहेर वाढवून दाखवल्या. मारिओ कॅपेकी आणि ऑलिव्हर स्मिथीज यांनी बाहेरून दिलेला डीएनएचा तुकडा गुणसूत्रातल्या नेमक्या त्याच्याशी जुळणाऱ्या जागी बसवण्याची रीत शोधली. हवे ते जनुक मधोमध तोडायचे आणि त्या जागी एखाद्या औषधाला दाद न देणारे जनुक घालायचे. औषध दिल्यावर हजारोंतल्या ज्या थोड्या पेशी तगतात, त्यांतून अचूक बदल झालेल्या पेशी निवडायच्या. त्या दुसऱ्या रंगाच्या उंदराच्या भ्रूणात सोडल्या की कबऱ्या अंगाचे मिश्र पिल्लू जन्मते. बदललेल्या पेशींपासून त्याचे शुक्राणू बनले असतील तर पुढच्या पिढीत वाहक उंदीर मिळतात, आणि दोन वाहकांच्या संकरातून चारांत एक पिल्लू ते जनुक अजिबात नसलेले निघते. इव्हान्स, कॅपेकी आणि स्मिथीज या तिघांना २००७ चे नोबेल मिळाले. साठवण-रोगांच्या अभ्यासकांना हे तंत्र हातात पडताच वापरावेसे वाटले, यात नवल नाही. एकच जनुक, एकच विकर आणि अप्रभावी वारसा असलेला याहून सरळ रोगगट शोधून सापडला नसता. तरीही पहिल्याच प्रयत्नांनी तो वाटला तितका सरळ नसल्याचे दाखवले.

१९९२ मध्ये याच गटातल्या गोशे रोगाचा उंदीर तयार झाला. माणसात हा रोग बहुधा प्लीहा, यकृत आणि हाडांचा असतो; मेंदूचा प्रकार कमी आढळतो. ज्या उंदरात विकर जवळजवळ उरलेच नव्हते, तो मात्र जन्मानंतर चोवीस तासांत मेला. कारण मेंदूत नसून त्वचेत होते. त्वचेच्या वरच्या थरातून पाणी झिरपू नये म्हणून जे मेद लागतात, ते याच विकराच्या कामातून तयार होतात. विकर नसलेले पिल्लू अक्षरशः सुकत होते. या निष्कर्षावर ‘उंदराचे काही खरे नाही’ असा शेरा मारून मोकळे होता आले असते. झाले उलटेच. डॉक्टरांनी जुन्या नोंदी नव्या नजरेने पाहिल्या, तेव्हा गोशेची काही नवजात बालकेही अशाच पातळ, चकचकीत पापुद्र्यासारख्या त्वचेने जन्मून थोड्याच दिवसांत दगावत असल्याचे लक्षात आले. माणसातला हा प्रकार उंदरामुळे ओळखला गेला. मेंदूच्या रोगाचा अभ्यास मात्र त्वचेमुळे अडून राहिला. तो सुटायला २००७ उजाडले. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील गटाने त्वचेत विकर शाबूत ठेवून बाकी शरीरात ते बंद केले, तेव्हा उंदीर त्वचेच्या संकटातून वाचला आणि मेंदूच्या झपाट्याने होणाऱ्या ऱ्हासाने मेला. दुसऱ्या उंदरात विकर फक्त चेतापेशींत आणि त्यांच्या जवळच्या पेशींत बंद केले. मेंदूतील मायक्रोग्लिया या प्रतिकारपेशींत ते चालूच होते. तरीही रोग आला, फक्त उशिरा आला. रोगाचे मूळ चेतापेशींच्या आतच आहे, हे याहून स्वच्छपणे दाखवणे कठीण.

टे-सॅक्सच्या उंदराची हकिगत याहून वेगळी आहे. १९९४-९५ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी अल्फा घटकाचे जनुक मोडलेले उंदीर तयार केले. रासायनिक तपासणीत सगळे अपेक्षेप्रमाणे होते. ‘ए’ प्रकारचे विकर शून्य, आणि मेंदूच्या काही भागांतल्या पेशींत टे-सॅक्स बालकांत दिसतात तसेच पापुद्र्यांचे वेटोळे. एवढे होऊनही उंदीर धावत होते, दांडीवर तोल सांभाळत होते आणि पिल्ले घालत होते. वर्ष उलटले तरी ते ठणठणीत. दीड वर्षांनंतर काहींत मंदपणा आणि कंप दिसू लागला, पण ते उंदराचे म्हातारपण. बालकाच्या चौथ्या महिन्याशी त्याचा मेळ घालता येत नाही.

खुलासा १९९५ मध्येच मिळाला, तोही शेजारच्या रोगामुळे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रिचर्ड प्रोइया यांच्या गटाने बीटा घटकाचे जनुक मोडून सँडहॉफचा उंदीर तयार केला आणि दोघांची तुलना केली. सँडहॉफचा उंदीर तीन महिन्यांचा होताच डगमगू लागला. मागचे पाय आखडले, कंप सुरू झाला, आणि साडेचार महिन्यांच्या आसपास तो मेला. माणसात हे दोन रोग जुळ्यांसारखे. उंदरात एक प्राणघातक आणि दुसरा जवळजवळ निरुपद्रवी. फरक ‘बी’ प्रकारच्या विकराचा होता. टे-सॅक्सच्या उंदरात ‘बी’ शिल्लक असते, सँडहॉफच्या उंदरात तेही नसते. पण माणसात ‘बी’ जीएम२ ला हात लावत नाही, मग उंदरात ते कामी कसे आले? उत्तर असे, की उंदरात एक आडवाट आहे. सायलिडेज नावाचे विकर जीएम२ वरचा सायलिक आम्लाचा भाग काढून टाकते. उरतो तो जीए२ हा मेद, आणि जीए२ तोडणे ‘बी’ ला जमते. माणसातही सायलिडेज आहे, पण जीएम२ वर ते नगण्य काम करते. टे-सॅक्सच्या उंदरात मेंदूच्या ज्या भागांत साठा फारच कमी होता, त्यांत तोल सांभाळणारे अनुमस्तिष्क आणि मेरुरज्जू होते. सँडहॉफच्या उंदरात हेच भाग साठ्याने भरले होते.

‘टे-सॅक्सचा उंदीर’ हे पाहायला गेल्यास रोगाचे फसलेले प्रतिरूप आहे. रोग जसाच्या तसा उतरवणे हाच प्रतिरूपाचा हेतू मानला, तर हा सगळा खटाटोप वाया गेला म्हणावे लागेल. पण हुबेहूब उंदराने डॉक्टरांना आधीच माहीत असलेले पुन्हा सांगितले असते. या निरोगी उंदराने जीएम२ च्या विघटनाचा असा रस्ता दाखवला, जो माणसाच्या मेंदूत शोधून सापडला नसता. त्यातून उपचाराची एक कल्पनाही निघाली, की माणसातले सायलिडेज वाढवता आले तर हा रस्ता उघडता येईल का? आडवाटेवर नेमके कोणते सायलिडेज काम करते हे ठरायला मात्र दोन दशके लागली. उंदरात या विकराचे चार प्रकार आहेत. तुर्कीतील इझमीरच्या गटाने २०१८ मध्ये अल्फा घटक आणि तिसऱ्या प्रकारचे सायलिडेज ही दोन्ही जनुके एकत्र मोडली. हे उंदीर लहानपणीच गंभीर आजारी पडले आणि दीड ते साडेचार महिन्यांत मेले. बालकांत दिसतो तशा तडाख्याचा टे-सॅक्स उंदरात प्रथमच आला.

मधल्या काळात उपचारांचे जवळजवळ सर्व प्रयोग सँडहॉफच्या उंदरावर झाले. तो निश्चित वेळी आजारी पडतो आणि निश्चित वेळी मरतो, त्यामुळे एखाद्या औषधाने आठवडाभराचा फरक पडला तरी तो मोजता येतो. फिरत्या दांडीवर उंदीर किती सेकंद टिकतो याचा आलेख हे या क्षेत्रातले रोजचे नाणे आहे. या प्रयोगांतून जे बाहेर आले त्याने ‘साठा म्हणजे रोग’ या समजुतीला तडा गेला. १९९८ मध्ये प्रोइया यांच्या गटाने या उंदरांना निरोगी उंदरांची अस्थिमज्जा दिली. साडेचार महिन्यांचे आयुष्य काहींत आठ महिन्यांपर्यंत वाढले, हालचाली सुधारल्या. मेंदूतला साठा मात्र घटला नव्हता, चेतापेशीही आधीसारख्याच फुगलेल्या होत्या. मग सुधारणा आली कुठून? २००० साली त्याच गटाने दाखवले, की चेतापेशी मरायला लागण्याआधीच मायक्रोग्लिया चवताळलेल्या असतात, आणि अस्थिमज्जेतून आलेल्या नव्या पेशी हा दाह आटोक्यात ठेवतात. साठ्यापासून मृत्यूपर्यंतच्या वाटेवर एक तिसरा घटक उभा आहे, हे त्यातून कळले. बालकांत मात्र अस्थिमज्जा-रोपणाने टे-सॅक्स किंवा सँडहॉफ थांबलेला नाही.

दुसरी दिशा अशी, की तोडणारे विकर नसेल तर घडवणाऱ्याचाच वेग कमी करावा. ऑक्सफर्डमध्ये फ्रान्सेस प्लॅट, टेरी बटर्स आणि रेमंड ड्वेक यांनी गँग्लिओसाइडांच्या निर्मितीची पहिली पायरी रोखणारा एक शर्करासदृश रेणू वापरला. तोच पुढे मिग्लुस्टॅट या नावाने औषध म्हणून आला. १९९७ मध्ये टे-सॅक्सच्या उंदरांत त्याने साठा रोखला. १९९९ मध्ये सँडहॉफच्या उंदरांचे आयुष्य त्याने सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढवले. त्याच वर्षी प्रोइया यांच्या गटाने ही कल्पना जनुकांच्या पातळीवर तपासली. बीटा घटकाबरोबर जीएम२ घडवणारे जनुकही मोडले. अशा दुहेरी उंदरांत मेद साठण्याचा प्रश्नच मिटला, ते खूप जास्त जगले. पण अखेर उतारवयात वेगळा चेताविकार त्यांना जडलाच, कारण बीटा घटकावर विसंबलेल्या शर्करा-साखळ्या साठतच होत्या. औषध शंभर टक्के यशस्वी झाले तरी कुठवर पोहोचेल, याची मर्यादा औषध देण्याआधीच अशी कळून आली. पुढे मिग्लुस्टॅटला युरोपात २००२ मध्ये गोशे रोगासाठी आणि २००९ मध्ये नीमन-पिक ‘सी’ साठी मान्यता मिळाली. टे-सॅक्सच्या रुग्णांत मात्र त्याने रोग थांबवला नाही. चाळीस टक्के हा आकडा उंदराच्या पिंजऱ्यातून बालरुग्णालयापर्यंत पोहोचलाच नाही.

उंदीर कसा चकवतो याचे आणखी एक उदाहरण नीमन-पिक ‘सी’ मधले. २००४ मध्ये अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन या मेंदूतल्या संप्रेरकाने या उंदरांचे आयुष्य जवळजवळ दुप्पट केल्याचे प्रसिद्ध झाले. हे संप्रेरक पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते सायक्लोडेक्स्ट्रिन या शर्करा-कड्याच्या द्रावणात दिले होते. २००९ पर्यंत स्पष्ट झाले, की खरा परिणाम औषधाचा नसून त्या द्रावणाचा होता. सातव्या दिवशी दिलेल्या सायक्लोडेक्स्ट्रिनच्या एकाच इंजेक्शनने अडकलेले कोलेस्टेरॉल लायसोसोममधून सुटत होते. तुलनेसाठी नुसते द्रावण दिलेला गट ठेवायचा हा प्रयोगशास्त्रातला पहिल्या वर्षाचा धडा; आयुष्य दुप्पट झाल्याच्या आनंदात तो मागे पडला असावा. माणसात हे द्रावण पाठीच्या कण्यातून द्यावे लागते, त्याने ऐकू येणे कमी होते, आणि मोठ्या चाचणीत अपेक्षित फरक दिसला नाही.

उंदीर आणि मूल यांच्यातली सर्वांत ढोबळ तफावत आकाराची. उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमपेक्षाही हलका. वर्षाच्या बाळाचा मेंदू जवळजवळ किलोभराचा. जनुकोपचारात निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून योग्य जनुक पेशीत पोहोचवतात. केंब्रिजमध्ये टिमोथी कॉक्स यांच्या गटाने २००६ मध्ये अल्फा आणि बीटा दोन्ही घटकांची जनुके अशा विषाणूंतून सँडहॉफच्या उंदराच्या मेंदूत एकदाच सोडली, आणि चार-साडेचार महिन्यांत मरणारे उंदीर वर्षाहून अधिक जगले. दोन्ही घटक देणे आवश्यक होते, कारण एकाच घटकाचा कितीही पुरवठा केला तरी ‘ए’ ची जोडी पुरेशी जुळत नाही. अर्ध्या ग्रॅमच्या मेंदूत सुईच्या जागेपासून विकर सर्वदूर पसरते. किलोभराच्या मेंदूत ते कसे पसरावे? म्हणून पुढची पायरी मोठ्या प्राण्यांची होती. सँडहॉफची मांजरे निसर्गतः सापडली होती, आणि २०१० मध्ये जेकब जातीच्या मेंढ्यांत खरा टे-सॅक्स आढळला. या मेंढ्या उंदरांप्रमाणे बचावत नाहीत, आजारी पडतात. या प्राण्यांत उपचार लागू पडला. मग निरोगी माकडांत तोच विषाणू टोचला, तेव्हा २०१७ च्या अहवालानुसार टोचल्याच्या जागी चेतापेशी मेल्या. विकर अतोनात तयार होत होते आणि तेच घातक ठरले. उंदराला जे पचले ते माकडाला पचले नाही. विषाणूतील जनुकाचा जोर कमी करून आणि मात्रा फिरवून काम पुढे गेले. २०२२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या गटाने टे-सॅक्सच्या दोन बालकांवरील उपचाराचा अहवाल दिला. उपचार त्यांना सोसला, पाठीच्या द्रवात विकराची पातळी वाढली. रोग मात्र बरा झाला नाही.

उंदरापासून बालकापर्यंतचा प्रवास पूर्ण झाला तो मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी या साठवण-रोगात, आणि तिथेही उंदीर पुरेसा आजारी नव्हता. जर्मन संशोधकांनी १९९६ मध्ये घडवलेल्या उंदरात सल्फटाइड हा मेद साठला, पण मुलांत होतो तसा मायलिनचा, म्हणजे चेतातंतूंवरच्या वेष्टणाचा, नाश झाला नाही. मिलानमध्ये लुइजी नाल्दिनी आणि अलेस्सांद्रा बिफी यांनी याच सौम्य उंदरात मुख्य गोष्ट तपासली. अस्थिमज्जेच्या मूलपेशींत एचआयव्हीपासून बनवलेल्या निर्धोक विषाणूतून जनुक घालायचे आणि त्यांना विकर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त तयार करायला लावायचे. या पेशींची संतती मेंदूत शिरते आणि न्यूफेल्ड यांच्या बशीत दिसले होते तसे शेजारच्या पेशींना विकर पुरवते. नुसते निरोगी अस्थिमज्जा-रोपण पुरत नव्हते; जास्तीच्या विकराने फरक पडला. पहिल्या तीन मुलांचा अहवाल २०१३ मध्ये आला, युरोपची मान्यता २०२० च्या डिसेंबरात आणि अमेरिकेची २०२४ च्या मार्चमध्ये. अमेरिकेत एका उपचाराची जाहीर किंमत ४२.५ लाख डॉलर ठेवली आहे. उपचार लागू पडतो तो लक्षणे दिसण्याआधी किंवा नुकती दिसू लागताच, म्हणजे मोठ्या भावंडाच्या आजाराने धाकट्याचे निदान झाले तर, किंवा नवजात बालकांची सरसकट तपासणी होत असेल तर. उंदरांतही लवकर दिलेल्या उपचाराचाच लाभ मोठा होता. हा निष्कर्ष मात्र दोन्हीकडे तंतोतंत जुळला.

उंदरांचा हा वापर नियमांखाली चालतो. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे आजही आधारभूत आहेत: प्राण्याऐवजी दुसरे काही चालत असेल तर ते वापरा, संख्या कमी ठेवा, यातना कमी करा. जुन्या लेखांत सँडहॉफचा उंदीर ‘मेला’ तो दिवस मोजलेला दिसतो. आता बहुतेक ठिकाणी वजन ठरावीक प्रमाणात घटले किंवा पाठीवर ठेवल्यावर त्याला स्वतःहून पालथे होता येईना, की प्रयोग थांबवून त्याला वेदनारहित मृत्यू देतात. भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० अन्वये नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली हे काम चालते. जनुके बदललेल्या उंदरांसाठी पुण्याच्या आयसर संस्थेत एक राष्ट्रीय सुविधाही आहे.

भारतीय रुग्णांच्या दृष्टीने पुढचे काम नेमके आहे. टे-सॅक्सची भारतीय बालके अश्केनाझी समाजातली उत्परिवर्तने बाळगून येत नाहीत. अहमदाबादच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अल्फा घटकाच्या ४६२ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले उत्परिवर्तन गुजरातेतील अनेक कुटुंबांत आढळले. जनुक पार मोडलेल्या उंदरात हे उत्परिवर्तन तपासता येत नाही, कारण तिथे प्रथिनच तयार होत नाही. चुकीच्या घडीचे प्रथिन सावरून लायसोसोमपर्यंत पोहोचवणारी औषधे शोधायची, तर सावरण्यासाठी काहीतरी प्रथिन असावे लागते. २०१३ मध्ये जनुके कापून बदलणारी क्रिस्परची कात्री उंदराच्या भ्रूणात थेट चालल्यापासून रुग्णाचे नेमके अक्षर उंदरात बसवणे काही महिन्यांचे काम झाले आहे. पूर्वी त्याला वर्षे लागत. मात्र असा उंदीर घडवताना तिसऱ्या प्रकारचे सायलिडेजही बंद करावे लागेल, नाहीतर आडवाटेने जीएम२ निघून जाईल आणि औषधाने गुण आला की मुळात रोगच नव्हता, हे कोणालाच सांगता येणार नाही.